दिनांक ४५७४७ अखेर

पतसंस्थेच्या थकबाकीचा अहवाल एक्सेलमध्ये बनवायचा आहे. दर महिन्याला मथळा हाताने बदलायला नको, म्हणून आपण सूत्र लिहितो: आधी ‘दिनांक’ हा शब्द, मग तारखेची सेल, मग ‘अखेर येणे बाकी’. सेलमध्ये ३१ मार्च २०२५ स्वच्छ दिसतंय. मथळ्यात मात्र उमटतं, ‘दिनांक ४५७४७ अखेर येणे बाकी’.

काहीतरी बिघडलं असं वाटतं. खरं तर बिघडलेलं काहीच नसतं. एक्सेलने तारीख जशी जपून ठेवली होती, तशीच ती समोर आलेली असते.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे निव्वळ दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला. तिथून मोजत आलं की १५ ऑगस्ट १९४७ हा १७३९४वा, आणि महाराष्ट्र राज्य झालं तो १ मे १९६० हा २२०३७वा. वेळ अपूर्णांकात मावते: दुपारचे बारा म्हणजे ०.५, संध्याकाळचे सहा म्हणजे ०.७५. म्हणूनच कर्ज किती दिवस थकलं हे काढायला एक वजाबाकी पुरते. तीस-एकतीसच्या महिन्यांचा घोळच उरत नाही.

मग ‘३१ मार्च’ हे रूप कुठे असतं? ते सेलचं असतं, आकड्याचं नसतं. सूत्राने आकडा उचलून वाक्यात नेला की रूप मागे सेलमध्येच राहतं. म्हणून वाक्यात नेताना टेक्स्ट नावाचं फंक्शन वापरायचं आणि कोणत्या रूपात लिहायचं ते अक्षरांच्या खुणेने सांगायचं.

या खुणांची भाषा मला फार आवडते. इंग्रजी डी एकदा लिहिला तर ५ तारीख ५ अशीच येते, दोनदा लिहिला तर ०५. तीनदा लिहिला की तारीख जाते आणि वाराचं छोटं नाव येतं. चारदा लिहिला की पूर्ण वार. अक्षर तेच, फक्त किती वेळा लिहिलं यावर अर्थ पालटतो! एमची गंमत आणखी वेगळी. महिनाही एम आणि मिनिटही एम. (खुणा मराठीत असत्या तरी हाच पेच पडला असता, दोन्ही शब्द ‘म’चेच.) एक्सेल शेजार बघून ठरवतं: तासाच्या अक्षरापाठोपाठ किंवा सेकंदाच्या अगदी आधी एम आला तर तो मिनिट, नाहीतर महिना. वर्डच्या मेल मर्जमध्ये ही सवलत नाही. तिथे महिन्याला मोठा एम लागतो, लहान एम मिनिटं दाखवतो.

खुणेच्या सुरुवातीला चौकटी कंसात डॉलरचं चिन्ह, आडवी रेघ, ४४ आणि इंग्रजी ई लिहून पाहा. ३१ मार्चचा वार मराठीत उमटतो: ‘सोमवार’. मायक्रोसॉफ्टच्या भाषांच्या यादीत मराठीचा क्रमांक ११०२, आणि सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत तो असा लिहितात. एवढ्याशा खुणेत आपली भाषा बसलेली पाहून मला खरोखर आनंद झाला होता.

पण सोमवार हे कळतं कसं? आकड्याला सातने भागून. बाकी १ उरली तर रविवार, २ उरली तर सोमवार. ४५७४७ला भागा, बाकी २. २२०३७ची बाकी १, आणि १ मे १९६०ला रविवारच होता.

आता पहिल्याच दिवसाला भागून पाहा. बाकी १, म्हणजे १ जानेवारी १९०० रविवार. प्रत्यक्षात त्या दिवशी सोमवार होता! चूक एका दिवसाची आहे आणि ती जाणूनबुजून ठेवलेली आहे. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रामने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. शतकाचं वर्ष लीप ठरायला त्याला ४००ने भाग जावा लागतो, १९००ला जात नाही. पण लोटसच्या जुन्या फायलींमधल्या तारखा जुळाव्यात म्हणून एक्सेलनेही तीच मोजणी उचलली. १ मार्च १९००पासून पुढचे वार बरोबर येतात, अडचण फक्त त्याआधीच्या दोन महिन्यांत आहे.

एखाद्या सेलमध्ये ६० लिहा आणि तिला ती मराठीची खूण लावा. वार, दिवस, महिना, वर्ष, सगळं नीट मांडून एक्सेल लिहितं: बुधवार, २९ फेब्रुवारी १९००. हा दिवस आपल्या कॅलेंडरात कधी उजाडलाच नव्हता.