नवले पुलाच्या अलीकडे

पहाटे 5.30. चहा व्हायच्या आत रात्रभराचा डेटा मोबाइलवर उतरवून घेतो. आमचं रडार पुण्याच्या बाह्यवळणावर आहे. नवीन कात्रज बोगदा संपला की महामार्ग नवले पुलाकडे उतरू लागतो, त्या उतारावर साताऱ्याकडून येणाऱ्या मार्गिकेच्या कडेला एका खांबावर ते बसवलंय. ते चलान करत नाही, नंबर प्लेट वाचत नाही, फोटो काढत नाही. समोरून आलेल्या वाहनाचा वेग, अंदाजे लांबी आणि वेळ नोंदवून ठेवतं. वेगमर्यादा किती असावी, रंबलर आणि फलक कुठे लावावेत, हे पुढे अशाच नोंदींवरून ठरवायचं असतं.

मी सगळ्यात आधी बघतो ते रात्री 11 ते पहाटे 5 मधले आकडे. दिवसा गाडी किती पळणार हे पुढची गाडी ठरवते. रस्ता मोकळा मिळाल्यावर चालक काय करतो, ते रात्री कळतं. शंभर वाहनं सावकाश ते वेगवान अशी ओळीनं लावली, तर पंच्याऐंशीव्या वाहनाचा वेग तो 85वा शतमक. वेगमर्यादा ठरवताना वाहतूक अभियंते याच आकड्याकडे पाहतात. आज ट्रकांचा हा आकडा एका रात्रीत चार किलोमीटरनं खाली आला होता.

आनंद वाटावा अशीच ही घसरण. पण 11.40 पर्यंत सगळं नेहमीसारखं, आणि त्यानंतर ट्रक, मोटारी, दुचाकी सगळ्यांचाच वेग सारख्या प्रमाणात, साधारण सहा टक्क्यांनी उतरलेला. सगळे चालक एकाच मिनिटाला, एकाच मापानं शहाणे होत नसतात. काहीतरी यंत्राकडेच झालं होतं.

7.00. गाडीत शिडी, शंकू, परावर्तक जाकिटं, कोनमापक, मल्टिमीटर, मऊ फडकी, सिलिका जेलच्या पुड्या, हातातली रडार गन आणि तिचे कंपनकाटे. मदतनीस शिडी बांधतो, मी वाहतूक चौकीत फोन करून साहेबांना सांगतो. परवानगी आधीची असली तरी त्या दिवशी रस्त्याकडेला कोण उभं आहे हे त्यांना माहीत असलेलं बरं.

8.15. शंकू मांडून वर पाहिलं आणि उलगडा झाला. खांबाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. रात्री कुणीतरी बांधून गेलं होतं. वरची दोरी थेट रडारच्या ब्रॅकेटला आवळलेली. फ्लेक्समध्ये वारा भरला, दोरीला हिसके बसले आणि पेटी रस्त्याच्या आतल्या बाजूला फिरली. कोनमापक लावला. वाहतुकीच्या दिशेशी 15 अंश ठेवलेला कोन 25 झाला होता.

दहा अंश ऐकायला थोडे वाटतात. रडार एक सूक्ष्मलहर सोडतं आणि वाहनावर आपटून परतलेल्या लहरीची वारंवारता मोजतं. ख्रिस्तियन डॉप्लरनं 1842 मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच. पण वाहन रडारच्या नजरेच्या रेषेत जेवढं जवळ येतं तेवढाच वेग त्याला दिसतो. रस्ता आणि नजर यांत 15 अंशांचा कोन असेल तर 60 च्या वेगानं येणारा ट्रक त्याला 58 चा दिसतो. आम्ही कोन भरून दिलेला असल्यानं सॉफ्टवेअर तो पुन्हा 60 करतं. पेटी 25 अंशांवर फिरली की दिसतो 54, सॉफ्टवेअर मात्र 15 अंशांचीच दुरुस्ती लावतं आणि 56 लिहितं. चलान करणाऱ्या यंत्रात ही चूक चालकाच्या पथ्यावर पडते. आमच्या कामात ती घातक, कारण धोक्याच्या रस्त्याला ती सुरक्षित ठरवते.

दोरी कापली, फ्लेक्स घडी घालून जवळच्या टपरीवर ठेवला. टपरीवाले म्हणाले, "दादा, दोन दिवसांनी ते काढणारच होते." ब्रॅकेट 15 अंशांवर आणून चावीनं आवळला, आणि पुढच्या वेळी लांबूनच कळावं म्हणून बोल्ट आणि खांबावर रंगाची सलग रेघ ओढली.

रात्री 11.40 पासून आत्तापर्यंतच्या नोंदींवर ‘संशयास्पद’ असा शिक्का मारला. गुणाकार करून त्या दुरुस्त करता आल्या असत्या. पण पेटी एका झटक्यात फिरली की वाऱ्यानं थोडी थोडी, हे नक्की कसं सांगणार? अहवालात तेवढे तास रिकामे दिसतील. रिकामी जागा चालते, बनवलेला आकडा चालत नाही.

10.00. शिडी लावलेलीच आहे तर बाकीची देखभाल. पेटीच्या तोंडावरच्या प्लास्टिकच्या झाकणाला खालच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घरटं बांधायला घेतलं होतं, बोटाच्या पेराएवढं, अजून ओलं. सुकी माती फारशी नडत नाही, पण ओल्या मातीतलं पाणी या लहरी शोषतं. लाकडी पट्टीनं अलगद काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं. थिनर लावायचा नाही, घासायचं नाही आणि झाकणाला कोणताही रंग द्यायचा नाही. केबल जिथून आत शिरते तिथलं ग्लँड हातानं पिळून पाहिलं. पावसाळ्यात निम्मे बिघाड तिथूनच सुरू होतात. सिलिका जेल गुलाबी पडलं होतं, निळ्या दाण्यांची नवी पुडी घातली. बॅटरी 12.4 व्होल्ट. ढगाळ दिवसांत सोलर पॅनेलकडून याहून जास्त मागणं बरं नाही, पण पॅनेलवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण मात्र धुतलीच पाहिजे.

11.30. पडताळणी. आधी हातातली गन. तिची लहर 24.125 गिगाहर्ट्झची. या वारंवारतेला ताशी एक किलोमीटर वेगामागे परतलेल्या लहरीत सुमारे 44.7 हर्ट्झचा फरक पडतो. म्हणून सेकंदाला सुमारे 1,788 कंपनं देणारा काटा बुटाच्या टाचेवर आपटून गनसमोर धरला की पडद्यावर 40 उमटायला हवेत. उमटले. मग मदतनीस जीपीएस लावलेली आमची गाडी घेऊन उतारावरून फेऱ्या मारतो. जीपीएस, गन आणि खांबावरचं रडार यांच्यात एखाद-दुसऱ्या किलोमीटरपेक्षा जास्त फरक नसेपर्यंत आम्ही हलत नाही. गाडीच्या स्पीडोमीटरवर भिस्त ठेवत नाही. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचा नाही असा त्याला नियम, त्यामुळे तो थोडं वाढवूनच दाखवतो.

चलानासाठी वापरल्या जाणाऱ्या रडारना आता वैधमापनाची पडताळणी आणि शिक्का लागतो. 1 जुलै 2025 पासून हे नियम लागू झाले. तराजूला शिक्का लागतो, मग दंड ठरवणाऱ्या यंत्राला का नको? उशिरा झालं, पण योग्य झालं.

1.00. टपरीजवळ एक ट्रक थांबलेला, चाकांतून जळक्या लायनरचा वास. कोल्हापूरहून वाशीला गूळ चाललाय. चालकमामा आमच्या जाकिटांकडे बघून म्हणाले, "साहेब, चलान येणार का?" नाही म्हटल्यावर मोकळे झाले. "उतार लागला की न्यूट्रल करतो. डिझेल वाचतं."

या उतारावरचं खरं दुखणं हेच आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमके पुलाजवळ, गर्दी सुरू होते तिथे लागेनासे होतात. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री इथं एका अवजड वाहनानं कितीतरी गाड्यांना धडक दिली. 13 नोव्हेंबर 2025 ला ताबा सुटलेल्या कंटेनरच्या धडकेनं आग लागली आणि आठ जणांचे जीव गेले. वेग 40 वरून 60 झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. म्हणून आमच्या तक्त्यातले चार किलोमीटर मला क्षुल्लक वाटत नाहीत.

मामांना सांगितलं, इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात गिअर ठेवून एक्सलरेटर सोडला की डिझेल बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. "मग आम्ही उलटंच करत होतो की," असं म्हणून ते बराच वेळ चाकांकडे बघत बसले.

3.00. जोराची सर. पाऊस फार झाला की थेंबांवरूनही लहरी परततात आणि झाकणावर पाण्याचा पापुद्रा धरतो. लांबची वाहनं, विशेषतः दुचाकी, सुटू लागतात. मोठ्या ट्रकला चिकटून येणारी दुचाकी तर कोरड्या हवेतही निसटते, कारण ट्रकचा प्रतिध्वनी तिला झाकून टाकतो. पावसाची वेळ वहीत लिहिली. दुचाकींची मोजणी रडारच्या भरवशावर करू नये, असं मी प्रत्येक अहवालात लिहितो.

6.00. पुलाकडून मागे रांग लागली. रडारवर 12, 9, 0. शंकू उचलून निघालो.

रात्री 11.50. घरून पाहिलं. ट्रकांचा 85वा शतमक पुन्हा जुन्या जागी, चार किलोमीटरनं वर. आकडा वाईट आहे, पण खरा आहे, आणि अहवालात तोच जाईल.

महामार्गाच्या कडेला खांबावर राखाडी पेटी आणि तिच्या वर सोलर पॅनेल दिसलं, तर कृपा करून त्या खांबाला फ्लेक्स, दोरी किंवा केबल बांधू नका. कुणी बांधलेली दिसली तर वाहतूक चौकीत कळवा.