‘दऱ्या’तला ऱ संगणकाला कसा कळतो?

‘युनिकोड फॉन्ट’ असं सर्रास म्हटलं जातं आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. युनिकोड हा फॉन्ट नव्हे. लिपींमधल्या चिन्हांना क्रमांक देणारी ती प्रमाण व्यवस्था आहे. षोडशमान पद्धतीत ‘ळ’चा क्रमांक ०९३३. फॉन्ट बदलला की ळचं वळण बदलतं, क्रमांक तोच राहतो. जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराचा नुसता रोमन गोंधळ दिसे.

वर्णमालेत असलेल्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक असतो, हेही खरं नाही. ‘क्ष’ला तो नाही. क, पाय मोडण्याचं चिन्ह आणि ष एवढंच साठवलं जातं; त्याचं जोडाक्षर फॉन्ट घडवतो. ‘ज्ञ’चंही तसंच.

खरी अडचण आहे ती ‘ऱ्य’ची. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. मराठीला हा फरक हवाच. पण र, पायमोड आणि य दिले, तर संगणक रफार काढतो. ‘ऱ्य’साठी ०९३१ क्रमांकाचा, खाली टिंब असलेला ‘ऱ’ आहे. काही कळफलक मात्र साधा र, पायमोड आणि ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह वापरून तोच आकार उमटवतात. दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ते एकच आहेत असं वाटतं. संगणकासाठी ते वेगळे आहेत. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर तो सापडेलच असं नाही. शिवाय शोधताना अदृश्य चिन्हाकडे दुर्लक्ष झालं, तर दऱ्यांचा पुन्हा दर्या होतो! मराठी शब्दकोश, सातबारे, मतदारयाद्या संगणकावर असताना ही बाब किरकोळ मानता येणार नाही.

‘ॲ’ची गत अशीच. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक हिंदी वळणाचा ‘ऍ’ किंवा अ-वर चंद्र देऊन काम भागवत. ती रूपं आजही जुन्या मजकुरात आहेत आणि युनिकोड त्यांना ॲ-शी समान मानत नाही.

आणखी एक समज असा की, संगणक उच्चारही साठवतो. तो लिपी साठवतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतल्या च-चे उच्चार निराळे, क्रमांक मात्र एकच. मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला हा भेद वेगळा शिकवावा लागतो. उच्चाराची अचूक नोंद करायची, तर भाषाभ्यासक आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरतात. तिच्यात ‘ळ’साठी शेपटीचा एल आहे आणि त्यालाही युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक आहे.

आता पुन्हा ‘ऱ’कडे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट दाबून जे-च्या कळीवर मिळतो. त्यानंतर डी-च्या कळीने पाय मोडा आणि य लिहा. मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या याच पद्धतीने लिहाव्यात.