मोरीला कडी लागली

चाळीतल्या बाईला अंघोळीला किती वेळ लागतो, सांगा बघू? जेमतेम पाच मिनिटं! आमच्या गिरगावच्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चार बाय तीनची मोरी. वीतभर कठडा आणि दोरीवर जुन्या साडीचा पडदा. पुरुषमंडळी गॅलरीत गेली की भराभर आटपायचं. सासूबाईंनी अशी पन्नास वर्षं काढली.

गेल्या वर्षी खालच्या काकू वर आल्या. "अगं, तुमच्या मोरीखाली माझं छत ओलं झालंय." मी चपापलेच. आमची चाळ लाकडी तुळयांची. पाणी मुरत राहिलं की तुळई कुजते, आणि मग प्रश्न एका घराचा राहत नाही. कंत्राटदाराचा आकडा ऐकून ह्यांचा चहा तसाच राहिला. म्हटलं, आपणच करू. मालकांना आणि चाळकमिटीला सांगितलं आणि दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागलो.

जुनी शहाबादी फरशी छिन्नीने हळूहळू सोडवली. लाकडी जमिनीवर घणाचे घाव घालायचे नाहीत. रॅबिट अर्ध्या अर्ध्या गोणीत भरून लेकाने खाली नेलं. नहाणी ट्रॅप आणि पाइप मात्र प्लंबरकडूनच बदलून घेतले. तिथे हौस नको. मग सिमेंटचा ढाळ. दर फुटाला पाव इंच उतार हवा. लेकाने गोटी सोडून पाहिली. ती ट्रॅपकडे न जाता कोपऱ्यात जाऊन बसली, म्हणून तेवढा भाग पुन्हा केला. कोपरे गोलसर भरले. वॉटरप्रूफिंगचा पहिला हात उभा, वाळल्यावर दुसरा आडवा, भिंतीवर फूटभर वरपर्यंत.

आता परीक्षा. ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास साठवलं. खाली काकू टॉर्च घेऊन छताकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "कोरडं आहे गं!" त्यानंतरच फरशी बसवली. चकचकीत नाही हं, खरखरीत. वयस्कर माणसाचा पाय घसरू नये म्हणून. सासूबाईंसाठी भिंतीला धरायला दांडीही लावली. तेवढे दिवस आम्ही अंघोळीला शेजारच्यांच्या मोरीत!

विटांची भिंत घातली नाही, वजन तुळयांना झेपलं नसतं. ॲल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिकचे पत्रे आणि दार. दाराला आतून कडी.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात! आनंदच आहे. आमचाही पुनर्विकास होईल तेव्हा होईल. पण तोवर घरातल्या बाईने पडद्याआडच अंघोळ का करावी? मैत्रिणींनो, घरात खर्चाची यादी होते तेव्हा टीव्ही, सोफा आधी येतो. मोरी शेवटी, कारण ती पाहुण्यांना दिसत नाही.

पहिल्या दिवशी सासूबाई आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी घाबरून दार वाजवलं, "आई, बऱ्या आहात ना?"

आतून उत्तर आलं, "अगं, बरी आहे. आज जरा निवांत अंघोळ करतेय."