भीतीची उतरंड

वरवे बुद्रुकच्या फाट्यावर स्वारगेटची एसटी धरली की खेड शिवापूरचा टोलनाका, शिंदेवाडी, मग कात्रजचा घाट आणि घाटातला जुना बोगदा. बोगदा ओलांडायला गाडीला मिनिटभरही लागत नाही. तीस वर्षे मी या रस्त्याने ये-जा केली, बोगद्याकडे कधी लक्षही गेले नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्याच बोगद्यात माझा जीव घाबरा झाला. बोटांना मुंग्या आल्या, घशाला कोरड पडली, काळीज असे धडधडायला लागले की शेजारच्या बाईला ऐकू जात असेल. आता आपले काही खरे नाही, एवढेच मनात येत होते. पुढच्या खेपेला बोगदा यायच्या आत मी कात्रजलाच उतरले आणि भाच्याला फोन करून बोलावून घेतले. त्याच्या गाडीतून त्याच बोगद्यातून घरी आले, तर काहीच झाले नाही.

नसरापूरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, रक्तदाब पाहिला, थायरॉइड तपासायला सांगितले. एवढे करायलाच हवे, कारण धडधडीचे मूळ शरीरातही असू शकते. सगळे ठीक निघाले. "हृदय चांगलं आहे. पण त्रास खोटा नाही, त्यावर उपचार घ्या," ते म्हणाले. गावात कुणी उतारा टाकायला सांगितला, कुणी माळ घालायला. सगळ्यांनी मायेनेच सांगितले.

पुण्यात पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले, त्यांनी पंधरा मिनिटांत भजनी मंडळ, सकाळचे फिरणे आणि सकारात्मक विचार असे तीन उपाय सांगून टाकले. माझे निम्मेही बोलून झाले नव्हते. परतताना वाटले, खोट आपल्यातच असणार.

एका रात्री झोप येईना म्हणून १४४१६ हा नंबर लावला. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोन मोफत असतो, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या मुलीने मला बोलू दिले आणि मग फरक समजावून सांगितला. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, गरज पडली तर तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती आहे का हे खुशाल विचारावे. पहिल्या अनुभवाबद्दल ती म्हणाली, "चप्पल चावली म्हणून आपण चालणं सोडतो का? दुसरी बघतो."

दुसरी सापडली ती सदाशिव पेठेत, जिना चढून पहिल्या मजल्यावर. दोन खुर्च्या, पण समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या ठेवलेल्या. त्यामुळे मान वळवली तर नजर भेटते, नाहीतर खिडकीतल्या बदामाच्या झाडाकडे बघत बोलता येते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते हे कळल्यावर तिथल्या सायकॉलॉजिस्ट मला 'बाई' म्हणायला लागल्या. वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. पहिल्या पंचेचाळीस मिनिटांत त्यांनी एकही सल्ला दिला नाही. मी बोलायची थांबले की त्याही थांबत. ती शांतता मला आधी अवघड वाटली, पण खरे बोलणे तिच्यानंतरच बाहेर पडले.

दुसऱ्या भेटीत त्यांनी एक तक्ता दाखवला. थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घडामोडींना गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, निवृत्ती ४५, मुलाने घर सोडणे २९. लग्नालाही ५०, कारण बदल आनंदाचा असला तरी तो पेलावा लागतोच. मी बेरीज केली. दीड वर्षाच्या आत हे गेले, मी निवृत्त झाले, मुलगा बंगळूरला गेला. एकूण १७४. माणूस केवळ तक्त्यावरून कळत नाही, हे त्यांनी लगेच सांगितले. पण आपल्यावर खरोखर ओझे आहे आणि ते मोजता येते, एवढ्यानेच मला हलके वाटले.

मग शरीराचे. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात. भीतीची लाट साधारण दहा मिनिटांत कळसाला जाते आणि मग ओसरतेच. "आपण ती ओसरायच्या आत पळतो, म्हणून ती ओसरते हे आपल्याला कळतच नाही," असे सांगून त्यांनी एक वही करायला लावली. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, मनात काय आले, भीती दहापैकी किती आणि ती किती मिनिटांनी उतरली, असे रकाने.

तिसऱ्या भेटीत त्यांनी कागदावर गाडगी काढली, एकावर एक. माझ्या आजीच्या माजघरात अशी उतरंड होती. सर्वांत मोठा रांजण तळाला, लहान बोळके वर. तळातले धान्य काढायचे तर आधी वरचे बोळके उतरवावे लागे. मधलेच ओढले तर सगळी कोसळणार. "तुमच्या भीतीचीही अशीच उतरंड लावू," त्या म्हणाल्या. शरीर सैल सोडायला शिकून लहान भीतीकडून मोठ्या भीतीकडे जाण्याची ही रीत दक्षिण आफ्रिकेतले जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली पुस्तकरूपाने मांडली होती. माझे वरचे बोळके होते फाट्यावर उभे राहून एसटी नुसती जाऊ देणे. त्याखाली शिवापूरपर्यंत जाऊन परत येणे. तळाला बोगदा, एकटीने.

आठ आठवडे मी गाडगी उतरवत गेले, आणि वही भरत गेली. चुका तपासायची सवय शिक्षकाच्या हाताला असतेच. एका रविवारी पाने उलटताना मला एक गोष्ट खटकली. पुण्याला जाताना बोगद्यात भीती २, ३, फार तर ४. येताना ८, ९. बोगदा तोच, अंधार तोच. भाचा बरोबर असला की येतानाही २.

त्या भेटीत मी वही पुढे केली. त्यांनी सावकाश पाहिली आणि विचारले, "बोगद्याच्या पलीकडे काय आहे, बाई?"

"घर."

"आणि घर कसं वाटतं?"

"खायला उठतं," मी म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले.

मी संध्याकाळी परत यायची त्या वेळेला हे पडवीत बसलेले असत, दिवा लावून. आता फाट्यावरून चालत आले की कुलूप आणि अंधार. ती भीती मी घाटातल्या बोगद्यात नेऊन ठेवली होती, इतकेच. घरात ठेवली असती तर राहायचे कुठे?

तिथून काम बदलले आणि उतरंड नव्याने लागली. आधी शेजारच्या जाऊबाईंना बरोबर घेऊन कुलूप उघडणे. मग त्या अंगणात आणि मी आत. मग एकटीने येऊन पडवीतला दिवा लावणे. मग यांच्या खुर्चीत बसून चहा. दर वेळी एक प्रश्न ठरलेला: "'मला सोसणार नाही' असं मन म्हणालं, त्याला पुरावा काय?" विचार असा तपासून पाहण्याची अल्बर्ट एलिस यांची रीत कि. मो. फडके यांनी आपल्या पुस्तकांतून मराठी वाचकांपर्यंत आणली. मी त्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहायचे: काल सोसले, परवा सोसले. दुःख कमी झाले असे नाही, पण दुःख आणि भीती ही दोन वेगळी खाती झाली. दुःखाला रडू द्यायचे असते. भीतीच्या मात्र जवळ जाऊन पाहायचे असते.

मला औषध लागले नाही. ज्यांना लागते त्यांनी ते अवश्य घ्यावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने उपचार हा आपला हक्क ठरवला आहे. आणि पुण्याला जाणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गावातच काही उभे राहू शकते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमात गावातल्याच स्त्री-पुरुषांना ऐकून घेण्याचे, अडचणीची फोड करण्याचे शिक्षण दिले होते. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे ते काम. आमच्या शिवगंगेच्या खोऱ्यात जमिनी विकल्या जात आहेत, मुले लांब जात आहेत, दारांना कुलपे लागत आहेत. असे ऐकणारे कान इथेही हवेत. आता कुणी "बाई, जीव घाबरा होतो" म्हणत आले, की मी उपाय सांगत नाही. केव्हा होतो, कुठे होतो, एवढेच विचारते आणि १४४१६ लिहून देते.

आता मी महिन्यातून एकदाच सदाशिव पेठेत जाते. बोगदा येतो आणि जातो. तळाचा रांजण अजून तसाच आहे: यांचे कपाट उघडून कपडे बाहेर काढणे. त्या घाई करत नाहीत, मीही नाही. वहीत त्यापुढे आज ७ लिहिले आहे. गेल्या दिवाळीत तिथे १० होते.