खटला समजून घेताना (लेखांक सहावा) : आरोपपत्र दाखल झाल्यावर

अटक आणि कोठडी यांविषयी गेल्या आठवड्यात पाहिले. खुनाच्या प्रकरणात त्यानंतरचा टप्पा आरोपपत्राचा. ते दाखल झाले की गुन्ह्याचा छडा लागला, असे आपण धरून चालतो. कायद्याच्या नजरेत मात्र तो तपास यंत्रणेने न्यायालयापुढे मांडलेला दावा असतो, आणि तोही मुदतीच्या दडपणाखाली मांडलेला. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांच्या आत आरोपपत्र गेले नाही, तर कोठडीतल्या आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. हा नियम हवाच. तो नसता तर तपासाच्या नावाखाली माणसे वर्षानुवर्षे डांबली गेली असती. पण त्यामुळेच तपास पुरा झाला नसला तरी मुदत भरत आली म्हणून आरोपपत्र दाखल होऊ शकते. त्यात काय लिहिले आहे याइतकेच काय लिहायचे राहिले आहे, हेही म्हणून वाचावे लागते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, ते फिरायला निघाले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. जानेवारी २०१४ मध्ये बेकायदा शस्त्रविक्रीच्या संशयितांपैकी दोघांना या खुनात अटक झाली. त्यांच्यावर मुदतीत आरोपपत्र आले नाही आणि ते जामिनावर सुटले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयने १० जून २०१६ रोजी एका डॉक्टरला अटक केली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नव्वद दिवस भरायच्या बेतात असताना, आरोपपत्र दाखल केले. त्यात डॉक्टरला कटातला प्रमुख म्हटले होते आणि गोळ्या झाडणारे म्हणून दोन फरारी इसमांची नावे होती. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच सीबीआयने मारेकरी म्हणून भलत्याच दोघांना पकडले. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने या दोघांना जन्मठेप दिली आणि डॉक्टरसह तिघांना निर्दोष सोडले. २०१६ च्या आरोपपत्रात कटाचा प्रमुख ठरवलेला माणूस सुटला. मारेकरी ठरवलेल्या दोघांवर या खुनासाठी खटला चाललाच नाही.

नवा धागा हाती आला तोही या फायलीबाहेरून. बंगळुरूत सप्टेंबर २०१७ मध्ये गौरी लंकेश यांचा खून झाला. त्याचा तपास कर्नाटकच्या पथकाने चालवला, त्यातून महाराष्ट्राच्या एटीएसला नालासोपाऱ्याचा माग लागला, आणि तिथल्या स्फोटकांच्या प्रकरणात अटक झालेल्यांपैकी एक जण दाभोलकरांच्या खुनातला मारेकरी निघाला. २०१६ मध्ये फाइल बांधून ठेवली असती, तर ही जोडणी झालीच नसती. पिस्तुलासाठी २०२० मध्ये ठाण्याजवळच्या खाडीत परदेशी पाणबुडे उतरवावे लागले, ते खुनाला साडेसहा वर्षे उलटून गेल्यावर!

आरोपपत्रात काय राहिले, हेतू काय होता, असले प्रश्न उकरून काढले की आरोपीच्या वकिलाचे फावते, असे म्हटले जाते. पण बचाव पक्ष ते उलटतपासणीत विचारणारच आहे. तपास अधिकाऱ्याने ते आधी स्वतःला विचारले असतील, तर सरकारी वकील साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर गांगरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्यक्षदर्शी पुरावा भक्कम असेल तर हेतू सिद्ध होण्यावर शिक्षा अडत नाही, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. या खटल्यातही पुलाच्या परिसरात झाडलोट करणाऱ्या महापालिकेच्या सफाई कामगाराने कोर्टात दोघांना ओळखले. जीव मुठीत धरून दिलेल्या अशा साक्षीचे मोल फार मोठे आहे. गोळी कोणी झाडली, एवढ्यापुरते ते पुरतेही. पण आरोप कटाचा असतो तेव्हा कोणी पाठवले, का पाठवले, पैसा आणि शस्त्र कुठून आले, हाच पुराव्याचा कणा असतो. तो कच्चा राहिला की हात सापडतात आणि डोके निसटते. नेमके तेच झाले. खुनामागचे खरे सूत्रधार वेगळेच आहेत आणि त्यांना शोधण्यात पुणे पोलीस व सीबीआय अपयशी ठरले, असे न्यायाधीशांनी निकालपत्रात नोंदवले. हे निव्वळ अपयश होते, की सत्तेतल्या कुणाच्या प्रभावाखाली राखलेली निष्क्रियता, याचे आत्मपरीक्षण यंत्रणांनी करावे, असेही ते म्हणाले.

मग तपास कधी संपायचाच नाही का? तसे नाही. आरोपपत्रानंतरही अधिक तपास करण्याची मुभा जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(८) मध्ये होती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने, खटला सुरू झाल्यावर त्यासाठी न्यायालयाची परवानगी आणि ९० दिवसांची, वाढवून घेता येणारी मुदत घातली आहे. म्हणजे वाटही आहे आणि वाटेला कुंपणही आहे. उणीव असते ती त्या वाटेने जाण्याच्या इच्छेची. सूत्रधार सापडलेले नाहीत, तपासावरची आपली देखरेख चालू ठेवा, अशी विनंती दाभोलकर कुटुंबीयांनी उच्च न्यायालयाला केली होती. खटला सुरू झाला आहे, आता देखरेखीची गरज नाही, असे सांगून न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ती थांबवली. विशेष न्यायालयाचा निकाल त्यानंतर तेरा महिन्यांनी आला, आणि सूत्रधारांविषयी त्यात जे लिहिले आहे ते कुटुंबीयांच्या त्या अर्जातले म्हणणेच आहे.