नकाशा चांगला आहे!

‘‘नकाशा चांगला आहे!’’ हे वाक्य मी गेल्या वैशाखात निदान वीस वेळा ऐकले.

आर्णीच्या नव्या वस्तीत तीस बाय पन्नासचा एक प्लॉट आम्ही घेऊन ठेवला होता. यंदा तेथे घर बांधायचे ठरले. एका इंजिनिअरकडून नकाशा काढून आणला आणि घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याच्या नळीत घालून मी तो गावभर मिरवला. उपवर मुलीचा फोटोसुद्धा कोणी इतक्या हौसेने दाखवीत नसेल!

आमच्या वकील मित्रांनी सांगितले, ‘‘चांगला आहे, पण मोटारीला जागा ठेवा.’’ माझ्याजवळ मोटार नाही. त्यांच्याजवळ दोन आहेत. शेजारच्या काकांनी खिशातून होकायंत्र काढून स्वयंपाकाचा ओटा आग्नेयेला सरकवला. गणिताच्या प्राध्यापकांनी मात्र खोल्यांच्या लांबीरुंदीची बेरीज केली आणि म्हणाले, ‘‘सर, यात भिंतींची जाडी कुठे आहे?’’ खरेच की! बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार इंची. त्या धरल्यावर दीडदोन फूट घर कुठल्याकुठे नाहीसे झाले. एवढी एक सूचना सोडली, तर प्रत्येकजण माझ्या नकाशात स्वतःचे राहून गेलेले घर शोधत होता.

सौभाग्यवतीने ओट्याची उंची तेवढी विचारली. आईने चष्मा लावला, निळ्या रेघांवरून हलकेच बोट फिरवले आणि म्हणाली, ‘‘चांगला आहे, बापू.’’ झाले! ठराव एकमताने मंजूर, असे मी समजलो.

चार दिवसांनी धाकट्या बहिणीचा फोन आला. ‘‘दादा, आई म्हणते, तुम्ही जा नव्या घरात. मी इथंच राहीन.’’

‘इथं’ म्हणजे गावातल्या जुन्या, कवेलूच्या घरात. वडील गेल्यापासून त्या घराची एक भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी पुढे झुकते आहे. पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईने तेथे एकटीने राहायचे? खोटे कशाला सांगू, मला रागच आला. तिच्यासाठी दहा बाय दहाची स्वतंत्र खोली काढली होती. आणखी काय करायचे होते?

हे गाऱ्हाणे मी आमच्या मिस्त्रीपाशी केले. तो विडी विझवून म्हणाला, ‘‘सर, कागद तुमाले समजते, मले समजते. मायले कसा समजन? जमिनीवर फक्की मारून दावा.’’

दुसऱ्या दिवशी दोरी आणि गुण्या घेऊन त्याने प्लॉटवर सारे घर खऱ्या मापाने आखले. पांढऱ्या फक्कीच्या भिंती, जेथे दार तेथे मोकळी जागा. चारच्या सुमाराला आईला ऑटोत घालून नेले. मिस्त्रीने तिची बाजही आणायला सांगितली होती.

आई सरळ भिंतीतूनच आत शिरली. आमची कन्या ओरडली, ‘‘आजी, दारातून ये ना!’’ सगळे हसले, आईसुद्धा हसली. मग दारातून, हॉलमधून, बोळातून तिला मागे नेले आणि पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या तिच्या खोलीत बाज टाकली. कन्येने दार होऊन उघडून दाखवले, तर ते बाजेच्या पायाला अडकले. बाज सरकवली, तर कपाट जाईना. कागदावर ऐसपैस दिसणारी खोली दोन मिनिटांत लहान झाली.

आई बाजेवर बसली. उतरते ऊन थेट तिच्या तोंडावर येत होते. पदराआडून इकडेतिकडे पाहून ती म्हणाली, ‘‘इथून रस्ता दिसत नाही रे बापू. दिवसभर कोनाचं तोंड पाहू मी?’’

‘‘मग त्या दिवशी चांगला का म्हणालीस?’’

‘‘तू किती खुशीत होता! त्या रेघांत मी कुठं आहो, मले दिसलंच नाही. म्हनून चांगला म्हनलं.’’

वाचकहो, ‘भटाला दिली ओसरी’ ही म्हण मी वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. आणि माझ्या स्वतःच्या नकाशात ओसरीच नव्हती! जुन्या घरी आईचा दिवस ओसरीवरच जातो. तांदूळ निवडणे तेथे, जाणारीयेणारीची विचारपूस तेथे, दुपारची डुलकीही तेथल्या बंगईवर. मी तिला खोली दिली होती आणि तिची जागा काढून घेतली होती.

उन्हाचेही तसेच. आर्णी साधारण 20 अंश अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा तापतो तो स्लॅब. पुढे उतरताना मात्र तो पश्चिमेच्या भिंतीवर समोरून मारा करतो. वैदर्भी उन्हाळ्यात पारा 44-45 वर गेला, की ती भिंत दिवसभराची उष्णता साठवून रात्री खोलीत सोडत बसते. त्या भट्टीत मी आईला निजवणार होतो, आणि पूर्वेची, दुपारनंतर सावलीची, रस्त्याकडची खोली राखून ठेवली होती माझ्या पुस्तकांसाठी! इंजिनिअरला बोल लावण्यात अर्थ नव्हता. ‘पुढे माझी अभ्यासिका हवी’ हे त्याला सांगणारा मीच.

आमच्या आर्णीतून जाणारा नागपूर-तुळजापूर रस्ता पुढे लातूर-औशावरून जातो. परीक्षेच्या कामाने मी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा भूकंपानंतर वसवलेली गावे पाहिली होती. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या त्या आघातानंतर 52 गावे नव्या जागी उभी राहिली. घराचे माप जमिनीवरून ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यापुढे 750. सरळ रुंद रस्ते, सारख्या घरांच्या रांगा. लोकांनी मग स्वतःच्या हातांनी कुठे पत्र्याची पडवी काढली, कुठे आडोशाची भिंत घातली. तेव्हा मला ती बेशिस्त वाटली होती. फक्कीच्या भिंतींमध्ये उभा असताना त्या पडव्या मला आठवल्या.

त्या संध्याकाळी आईची भीड एकदा जी चेपली, ती चेपलीच. ‘‘अन् कापूस कुठं ठेवाचा?’’ आमचे चार एकर वावर आहे. भावाची वाट पाहत कापूस दोनदोन महिने घरात पडून असतो, त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटते, म्हणून तो निजायच्या खोलीपासून दूर हवा. नकाशात त्याला वीतभरही जागा नव्हती. संडासाचे दार आत उघडत होते. म्हातारे माणूस आत पडले, तर त्याच्या अंगानेच दार अडेल, हे मिस्त्रीने दाखवले. ते बाहेर उघडणारे केले.

फक्की पुसली, पुन्हा मारली. असे तीन दिवस चालले. पश्चिमेला जिना आणि कापसाची खोली गेली. भिंतीचा ताप आता त्यांनी सोसावा. पुढची खोली आईची, तिला लागून न्हाणीघर, आणि रस्त्याच्या अंगाला सात फुटांची ओसरी. अभ्यासिका गेली. माझी पुस्तके जिन्याखाली राहणार आहेत. सौभाग्यवती म्हणते, तेथे निदान ती वाचायला तरी वाकावे लागेल. नकाशा दुसऱ्यांदा काढायचे पैसे पडले, इंजिनिअरच्या कपाळावर दोन आठ्याही पडल्या.

दसऱ्याच्या आधी स्लॅब टाकायचा होता. आदल्या संध्याकाळी सळ्या बांधून झाल्या, खडी-वाळूचे ढीग लागले. आई ओसरीच्या जागी उभी राहून वर पाहत होती. एकाएकी तिने विचारले, ‘‘बंगईच्या कड्या टाकल्या का रे?’’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. नव्या नकाशातही त्या नव्हत्या. मिस्त्रीने जीभ चावली, सायकल काढली आणि बाजार बंद व्हायच्या आत लोहाराकडे पळाला.