भाषेचा तास आणि परभाषी मूल

भाषाशिक्षकाचे काम इतर विषयांच्या शिक्षकाहून एका बाबतीत निराळे आहे. गणितात मूल चुकले तर त्याचे उत्तर चुकते; भाषेत चुकले तर त्याचे बोलणेच चुकीचे ठरते, आणि ते बोलणे त्याने आपल्या घरून आणलेले असते. म्हणून भाषेच्या तासाला मूल लवकर दुखावते आणि एकदा दुखावले की गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलास भाषा शिकविता येत नाही. यास्तव विद्यार्थ्याशी जिव्हाळा जुळविणे हे भाषाशिक्षणाचे पहिले साधन समजले पाहिजे.

वर्गाचे बदललेले रूप

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी-चिंचवड व भोसरी परिसरात कारखानदारी वाढत गेली. पुढे ती खेड तालुक्यात चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांपर्यंत पोचली. कारखान्यांपाठोपाठ महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतून, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कर्नाटक आदी राज्यांतून कामगारांची कुटुंबे आली व भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. साहजिकच गावच्या शाळेत हिंदी, भोजपुरी, कन्नड बोलणारी मुले शेतकऱ्यांच्या मुलांशेजारी बसू लागली. वडिलांचे काम संपले की यांतील काही मुले वर्षाच्या मध्येच दुसरीकडे जातात व तितकीच नवी येतात.

अशा मुलास शाळेत घेणे ही मेहेरबानी नव्हे. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्यानुसार मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, व शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही. याच अधिनियमाच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई आहे. मुलाच्या बोलण्याची भर वर्गात थट्टा करणाऱ्याने हे कलम अवश्य आठवावे.

चुकीमागील विचार

परभाषी मूल मराठीत चुकते तेव्हा ते बहुधा आपल्या भाषेचा नियम पाळीत असते. ‘पुस्तक चांगली आहे’ असे मूल म्हणते, कारण हिंदीत ‘पुस्तक’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग तेथे मुळीच नाही. ‘फळा’ हा शब्द ‘फला’ असा उच्चारतो तो मुलगा आळशी नसतो. प्रमाण हिंदीत ‘ळ’ हा वर्ण नाही. कन्नड मुलास तोच वर्ण सहज जमतो, पण निर्जीव वस्तूंची लिंगे त्यास चकवितात. कारण त्याच्या भाषेत टेबल, खुर्ची व दप्तर ही सर्व नपुंसकलिंगीच असतात.

कित्येकदा शब्द ओळखीचा वाटतो, परंतु त्याचा अर्थ निराळा असतो. ‘खाली बस’ या आज्ञेतील ‘खाली’ म्हणजे हिंदीत ‘रिकामे’. ‘आई’ हा मराठी मुलाचा पहिला शब्द. हिंदी बोलणाऱ्या मुलाच्या कानी तो ‘आली’ या अर्थाने पडतो. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, तर ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. ‘कोणीही चेष्टा करू नये’ असे गुरुजींनी बजावले, तर हिंदी पुस्तक वाचलेल्या मुलास त्याचा काय अर्थ लागेल याचा विचार करावा. अशा शब्दांची यादी शिक्षकाने जवळ ठेवल्यास, मूल आज्ञा मोडते की त्यास ती समजलीच नाही हे ओळखता येईल.

हाच न्याय गावच्या मुलासही लावावयास हवा. खेड-मावळ भागातील कित्येक घरांत ‘पाणी’ यास ‘पानी’ म्हणतात. हिंदी बोलणारा मुलगाही ‘पानी’च म्हणतो. दोघेही एकाच उच्चाराबद्दल बोलणी खातात. पण त्याच शब्दावरून त्या दोघांची मैत्री जुळविता येईल, हे शिक्षकाच्या ध्यानी यावयास हवे.

काही उपाय

(१) मुलाचे नाव त्याच्या घरी उच्चारतात तसे विचारून घ्यावे व तसेच उच्चारावे. सोयीसाठी ते बदलू नये.

(२) नव्या मुलास आरंभीचे काही दिवस केवळ ऐकू द्यावे. त्यास सर्वांसमोर उभे करून वाचावयास लावू नये. शेजारी एक समंजस सोबती द्यावा.

(३) चूक दाखविण्याऐवजी शुद्ध वाक्य सहज ऐकवावे. मूल ‘पुस्तक चांगली आहे’ म्हणाले, तर ‘होय, पुस्तक चांगले आहे. त्यातले कोणते चित्र तुला आवडले?’ असे विचारावे. संभाषण थांबत नाही, आणि शुद्ध रूप कानावर पडते.

(४) वर्गात शब्दांचा तक्ता लावावा. चाकणचा कांद्याचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. ‘कांदा’, ‘प्याज’, कन्नड ‘ईरुळ्ळी’ असे शब्द मुलांनीच सांगावेत व लिहावेत. ‘अक्का’ व ‘अण्णा’ हे शब्द मराठी व कन्नड दोहोंत आहेत, असे शोध मुलांना आनंद देतात. ज्या दिवशी नवे मूल वर्गास एखादा शब्द शिकविते, त्या दिवसापासून ते मोकळेपणाने बोलू लागते.

(५) पालकांची पाळी व साप्ताहिक सुटी पाहून वर्षातून एकदा तरी घरी जावे. तक्रार घेऊन जाऊ नये. मुलाचा एखादा गुण सांगण्यास जावे.

या सर्वांमुळे मराठीचा आग्रह शिथिल होईल अशी शंका काहींना येते. ती अनाठायी आहे. घरची भाषा वर्गात मान्य झाली की मूल बोलू लागते, आणि जे बोलते त्याचीच भाषा सुधारता येते. शुद्धलेखन, वाचन व पाठांतर यांची शिस्त त्यानंतर नेटाने लावावी. जिव्हाळा असलेल्या शिक्षकाची शिस्त मुले आनंदाने पाळतात.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी कार्य केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. चाकणच्या शिक्षकास इतके दूर जावे लागत नाही. मूल वर्गात येऊन बसलेलेच आहे; केवळ त्याच्या भाषेपर्यंत जावयाचे आहे.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. हिंदीत दोहोंसाठी ‘हम’ हा एकच शब्द चालतो. त्यामुळे ऐकणाऱ्यास वगळणारा ‘आम्ही’ व त्यास सामावून घेणारा ‘आपण’ यांतील भेद परभाषी मुलास शिकवावा लागतो. व्याकरणाच्या नियमाने तो उशिरा समजतो. खेळाच्या सुटीत गावच्या मुलांनी ‘चल, आपण खेळू’ अशी हाक मारली की तो त्यास तत्काळ कळतो. ती हाक मुलांच्या तोंडी यावी असे वातावरण वर्गात निर्माण करणे, हे भाषाशिक्षकाचे कर्तव्य आहे.